दुपारची झोप, मुदत शुक्रवार

माझ्या नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा झाला, तेव्हा मी आभाला पाजत होते. लॅपटॉप पलंगावरच उघडा होता आणि आभाच्या घामेजल्या डोक्यावरून पडद्याचा वरचा कोपरा नेमका दिसत होता. माउस हातभर अंतरावर. एक टिचकी मारली असती तर ठिपका पुन्हा हिरवा झाला असता. मी हात लांब केला. त्या हालचालीनं आभाचं तोंड सुटलं, हनुवटीवर दुधाचा ओघळ आला आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांच्या बाळाच्या नजरेत तक्रार नसते हे मला कळतं. पण त्या मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, मला वाटलं की आपल्याकडे दोन ठिकाणांहून बघितलं जातंय आणि दोन्हीकडे आपण अर्ध्याच दिसतोय.

ठिपका कालच आला होता. आमची नऊ जणांची टीम. दिंडोरी रस्त्यावरच्या फ्लॅटमधून मी, कॉलेज रोडच्या ऑफिसातून चौघं, बाकीचे आपापल्या घरून, असे आम्ही एका परदेशी क्लायंटच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. कुणाकडे कुठलं काम, हे आजवर व्हॉट्सॲपचे चार ग्रुप, एक एक्सेल शीट आणि सार्थकची स्मरणशक्ती यांच्यावर चालायचं. सार्थक रजेवर गेला की अख्ख्या टीमला विस्मरण व्हायचं. तेव्हा सगळ्यांनी एकत्र काम करायचं एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं ठरलं, आणि सोमवारच्या कॉलवर आमचा लीड श्रेयस म्हणाला, "स्वरदा, तीन निवडून ठेवलीत. ट्रायल घे आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग, कुठलं घ्यायचं. तू म्हणशील ते." मी म्हटलं, "मीच का?" तो हसला. "अगं, तुझं बघणं बारीक आहे ना." कॉल संपला तरी ते वाक्य मी तोंडात गोळी घोळवावी तसं घोळवत बसले. पाच वर्षं या टीममध्ये आहे. बाळंतपणाची रजा संपवून परत येऊन दोन महिने झाले होते. इतक्या दिवसांत माझं बघणं कुणाला बारीक वाटलं नव्हतं. श्रेयस हसतो तेव्हा त्याचा कॅमेरा नेहमी चालू असतो. त्या दिवशी बंद होता.

तिसरं सॉफ्टवेअर मोबाइलवर गोठायचं, ते सोमवारीच बाद झालं. उरलेल्या दोघांना मी त्यांच्या रंगांवरून पांढरं आणि निळं म्हणायला लागले. पांढरं साधं होतं: कामाची कार्डं, कार्डावर नाव, झालं की नाही झालं. निळ्यात हे सगळं होतंच, शिवाय ठिपके होते. पाच मिनिटं बोट हललं नाही की हिरव्याचा पिवळा. ट्रायल मी घेत असल्यामुळे मला एक जास्तीचं पान उघडता येत होतं, त्याचं नाव 'टीमचा दिवस'. तिथं प्रत्येकाच्या नावापुढे आडवी पट्टी, हिरवी, मधेमधे पिवळी. बाकीच्यांच्या पट्ट्या पोपटाच्या पाठीसारख्या. माझी उंदरानं कुरतडल्यासारखी. सात पिवळे तुकडे. प्रत्येक तुकडा मला ओळखता आला. हा पहिला, दात येतायत म्हणून ती चावली आणि मी ओरडले तो. हा चौथा, तिला ठसका लागला होता. आणि हा सहावा, एकोणीस मिनिटांचा, यात काहीच झालं नव्हतं. ती झोपेत हसली होती आणि मी बघत बसले होते. ते हसू कुठेतरी साठवलं गेलं होतं, पिवळं होऊन. क्लायंटला जोडणी दिली की हे पान त्यालाही दिसतं, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. मग मला कळलं की माझं बघणं खरंच बारीक आहे, आणि कुणीतरी ते ओळखून मला माझ्याच पट्टीसमोर आणून बसवलंय. निळं निवडलं तर मी माझ्या हातानं स्वतःला धरून दिलं. पांढरं निवडलं तर सगळे म्हणणार, हिला काहीतरी लपवायचंय. दोन्ही दारांतून एकाच खोलीत.

माझी आई चांदवडला शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायची. तो जुना, मोठ्या पाठीचा टीव्ही होता. तासभर चालला की शेगडीसारखा तापायचा. ती काही विचारायची नाही. हात ठेवायची, काढायची, आणि माझ्याकडे न बघता आत जायची. मी मग तिच्या यायच्या वेळेआधी अर्धा तास टीव्ही बंद करून त्याच्या पाठीवर ओलं फडकं घालायला शिकले. एकदा फडकं काढायचं राहिलं. आईनं ते उचललं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं आणि मला पोहे करून दिले. ते पोहे मी रडत खाल्ले, आणि आजतागायत आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही. हे मला निळ्याच्या पानावर आठवलं, कारण सार्थकच्या पट्टीत दोन्ही दिवशी चार ते साडेचार असा एक पिवळा तुकडा होता आणि मी त्याच्यावर बोट ठेवून विचार करत होते, हा रोज जातो कुठे. बोट गरम लागत होतं.

आभा बाहेरच्या खोलीत लंकाबाईंकडे असते. लंकाबाई दिंडोरीकडच्या. वीस वर्षं द्राक्षांच्या बागांमध्ये विरळणी केली, घडातला नको तेवढाच मणी शेजारच्याला धक्का न लावता काढायचा, ते काम. फवारणीच्या वासानं डोकं धरायला लागलं तेव्हा सोडलं. त्याच बोटांनी त्या आभाच्या कानामागचा मळ काढतात आणि ती कुरकुरतसुद्धा नाही. योगेश, माझा नवरा, साडेसातच्या बसनं सिन्नरच्या कारखान्यात जातो; नऊला लंकाबाई येतात, पाचला जातात. मधे माझ्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि दाराच्या पलीकडून मला माझं बाळ ऐकू येतं. गेल्या दोन आठवड्यांपासून दुपारी एक ते चार मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. जी मुलगी माझ्याजवळ पाऊण तासात जागी होते ती लंकाबाईंच्या खांद्यावर तीन तास झोपायची. मला आनंद व्हायला हवा होता. फोनवर आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "जायफळ तर उगाळून देत नाही ना? दे‌तात हो अशा बायका, पोर गाढ पडावं म्हणून. वास घेऊन बघ, स्वरू." संध्याकाळी मी आभाच्या कपाळाचा वास घेतला. दूध, पावडर, घाम. आणि खाली, अगदी तळाशी, जायफळ. मी पुन्हा घेतला. मग लंकाबाई येताना आणतात ती कापडी पिशवी डोळ्यांसमोर आली, तिची गाठ कधी सुटलेली मी पाहिली नव्हती. विचारावं कसं? विचारलं आणि खोटं असलं तर त्या दुखावतील. विचारलं आणि खरं असलं तर त्यांना काढावं लागेल, आणि लंकाबाई गेल्या की माझी नोकरी गेली. म्हणून मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी वास घेत राहिले.

बुधवारी ट्रायलसाठी खोटी कामं भरायची होती. क्लायंटचं खरं काही आत टाकायचं नाही असा करारातला नियम. बाकीची माणसं अशा वेळी 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' असं लिहितात. मला ते जमेना, बोटं रिकामी वाटायला लागली. मी लिहिलं: आभाचं खिमट. आभाची आंघोळ, पाणी कोमट. दोरीवरचे लंगोट, ढग आले तर आत. कार्डं एकाखाली एक लागत गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं घर मला आवरलेलं दिसलं. मग हात आपोआप पुढचं लिहून गेला: आभाची दुपारची झोप. तीन तास? जायफळ देतात का? तपासणे. मुदत शुक्रवार. टीमबाहेरच्या माणसाला काम देता येतं का हेही बघायचं होतं. निळं म्हणालं, नाव द्या, मोबाइल नंबर द्या. नाव मी लंकाबाईंचं दिलं. नंबर मनाचा टाकला तर ते घेईना, म्हणून त्यांचा खरा, जो पाठ होता तो टाकला. आभा झाल्यापासून मला तो स्वतःच्या नंबरापेक्षा नीट पाठ आहे. ट्रायलमध्ये बाहेर संदेश जात नसतात असं मी धरून चालले. माझ्या तक्त्यात 'सूचना मराठीतून पाठवतं का?' असा रकाना होता. पडद्यावरचा नमुना बघून तिथं निळ्यापुढे मी 'हो, उत्तम' असं लिहिलं.

गुरुवारी सकाळी सार्थकनं सगळ्यांसमोर लिहिलं, "स्वरदा, हे जायफळ कुठल्या मॉड्यूलमध्ये येतं गं? बासुंदी?" खाली सात हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा टाकला. कार्डं नऊच्या नऊ जणांना दिसत होती हे मला माहीत होतं, मीच तर सगळ्यांना आत घेतलं होतं. पण माहीत असणं आणि कुणीतरी वाचणं यांत उघड्या खिडकीत कपडे बदलण्याइतकं अंतर असतं. तेवढ्यात दार वाजलं. लंकाबाई. "ताई, बाळ उठलं. पानी पाजते. दोन चमचे." मी म्हटलं, "बरं." वीस मिनिटांनी पुन्हा. "ताई, खिमट दिलं. निम्मं खाल्लं, निम्मं थुंकलं." मग, "ताई, लंगोट बदलला." अकरा वाजेपर्यंत त्या सहा वेळा येऊन गेल्या. आजवर दिवसभरात त्यांनी माझं दार वाजवलं नव्हतं. आणि कापडी पिशवी. ती आज माझ्या दाराच्या कडीला टांगलेली होती, गाठ सोडून, तोंड उघडं. आत भाकरीचा डबा, कंगवा, गोळ्यांची पट्टी, एका कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी पिशवीशेजारून पुढे गेले आणि परत आले. अचानक एवढा चोखपणा कशाला? माणूस हिशेब कधी दाखवायला लागतं? पडद्यावर माझा ठिपका पिवळा झाला, हिरवा झाला, पुन्हा पिवळा झाला.

एक वाजला. आभा झोपेला आली. रोज या वेळी लंकाबाई तिला खांद्यावर टाकून खोलीभर फिरतात, काहीतरी पुटपुटतात, शब्द कधीच कळत नाहीत. आज दार पूर्ण उघडं होतं आणि मला समोर दिसत होतं ते असं: आभा पाळण्यात उताणी, लंकाबाई हातभर लांब भिंतीला टेकून, हात मांडीवर, तळवे वर. आभा रडली. त्यांनी दोरी ओढली, पण उचललं नाही. आभानं दोन्ही हात वर केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आभा निळसर होईस्तोवर रडली आणि मी उठून गेले. "लंकाबाई, घ्या ना तिला! असं काय करताय?"

"घेऊ का?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी कमरेचा रुमाल सोडला. आत फोन. फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. "हे बघा. काल सांजंला आलं, आज सकाळच्याला परत आलं. आमच्या सृष्टीनं वाचून दावलं. म्हनली, आजी, तुला काम दिलंय, मुदत शुक्रवार." पडद्यावर माझी वाक्यं होती, माझ्या प्रश्नचिन्हांसकट, शुद्ध मराठीत. खाली: काम प्रलंबित आहे. "म्या म्हनलं, ताईंची कंपनी लय मोठी, ती आपल्यावर बी नजर ठेवत असंल. ताईंना ठाव बी नसंल. म्हनलं, आपल्यापायी ताईंची नोकरी नको जायला. म्हनून समदं सांगून करतेय सकाळधरनं." त्यांनी फोन पुन्हा रुमालात बांधला. "जायफळ हाय. ते माज्या कपाळाला लावते मी. दुपारी डोकं धरतं. ती हितं," त्यांनी मानेचा खळगा दाखवला, "हितं तोंड घालून निजती, तिला बी लागत असंल. पोटात आईला इचारल्याबिगर मी पान्याचा थेंब देत नाय. कंपनीला तसं लिवा."

आभा रडतच होती. मला समोर एक वाट दिसत होती, रुंद, सावलीची. हो, कंपनीनंच पाठवलं, मी लिहिते त्यांना, तुम्ही नका काळजी करू. एवढं म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं: लंकाबाई, नोकरी, तीन तासांची शांतता. त्यांनी ती वाट स्वतःच झाडून ठेवली होती माझ्यासाठी. मला आईचा हात आठवला, ओलं फडकं पिळणारा. त्यातून पाणी निघत राहिलं होतं, आमच्यातलं कुणीच काही बोललं नव्हतं.

"कंपनीनं नाही, लंकाबाई. मी लिहिलं ते."

त्यांनी आधी आभाला उचललं. खांद्यावर घेतलं, पाठीवर थापटलं, दोन फेऱ्या मारल्या. आभाचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग माझ्याकडे पाठ असतानाच त्या म्हणाल्या, "बागंत मुकादम असायचा. बांधावर हुभा ऱ्हायचा. लय शिव्या द्यायचा. पन दिसायचा. त्यानं बघितलं की आपन बी त्याच्याकडं बघायचो." आणखी एक फेरी. "तोंडानं इचारायचं ना, ताई. मी काय लांब होते?"

पाच वाजता त्यांनी पिशवी कडीवरून काढली, गाठ मारली. रोज त्या उंबऱ्यात "येते" म्हणतात, आणि आभा हात हलवते. त्या दिवशी म्हणाल्या, "जाते, ताई." आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. मयताहून परततानासुद्धा म्हणत नाहीत.

त्या गेल्यावर मी निळ्यात ते कार्ड उघडलं. खाली दोन बटणं होती, 'झालं' आणि 'रद्द'. 'झालं' म्हणावं तर मी काही तपासलं नव्हतं. मला फक्त सांगितलं गेलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. 'रद्द' दाबलं तर ते म्हणालं, कारण लिहा, कारणाशिवाय रद्द होणार नाही. मग लिहिलं: हे तोंडी विचारायचं होतं. दाबल्यावर लक्षात आलं की याचाही संदेश जाणार. म्हणजे दिंडोरीकडच्या एका ओट्यावर सृष्टी तो मोठ्यानं वाचणार. आणि नऊ जणांनाही दिसणार. दिसू दे म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी नऊ वाजले. सव्वानऊ. मी आभाला कडेवर घेऊन खिडकीत उभी. रस्त्यावर दिंडोरीहून येणाऱ्या जीपा थांबत होत्या आणि सुटत होत्या. फोन करायला धीर होईना. साडेनऊला मी लंकाबाईंना करायचा तो फोन श्रेयसला केला. आभा माझ्या कानातलं ओढत होती.

"श्रेयस, एक तोंडी विचारायचंय. निळं कशाला हवंय? माझे पिवळे तुकडे मोजायला?"

पलीकडचा कीबोर्ड थांबला. "हा कॉल रेकॉर्ड होत नाहीये ना?"

"वेडा आहेस का?"

"क्लायंटला नवाचे आठ करायचेत," तो हळू म्हणाला. "नाव नाही कुणाचं. आकड्यांवरून ठरवू म्हणतायत. मी काही बोललेलो नाही, कळलं ना?"

"आणि निवडायला मला दिलंस."

"मला निवडायचं नव्हतं, स्वरदा." पलीकडे खुर्ची सरकली. "मी निळं घेतलं तर मी तुला काढलं. मी पांढरं घेतलं तर मी तुला वाचवलं, मग वरचे विचारणार, का. तू निवडलंस तर टीमनं निवडलं. चुकलंच माझं. पण ते कार्ड तू रद्द केलंस ना... ते कारण वाचलं मी काल."

तो खरं बोलत होता की मऊ, मला ठरवता आलं नाही. संशय एकदा घरात आला की पाहुण्यासारखा नुसता बाहेरच्या खोलीत बसत नाही, डबे उघडून बघतो. मी त्याच फोनवर सांगितलं, "पांढरं. कारण लिहून पाठवते. आठ करायचे असतील तर कुणाला काढायचं ते त्यांनी तोंडानं सांगावं, कॅमेरा चालू ठेवून. मला सांगायचं असेल तर मला." तो म्हणाला, "बघू." मग म्हणाला, "लिही तू. मी सही करतो." आणि कॉल माझ्याआधी त्यानं ठेवला. मी आभाला मांडीवर घेऊन एका हातानं अहवाल लिहिला, सव्वा पानाचा. तिनं त्यात सात वेळा 'ल' घातला, ते मी पुसले. पाठवला. आता जे व्हायचं ते सोमवारी.

पावणेअकराला दार वाजलं. लंकाबाई दारात, पदरानं मान पुसत. आभानं माझ्या कडेवरूनच उडी घेतली. मला काही बोलायचं होतं, जुळवून ठेवलेलंही होतं, पण त्या आधी म्हणाल्या, "उशीर झाला. सृष्टीला कालेजात सोडलं." मग, आत येत, "फोन तिच्याकडंच दिला. माज्याकडं आता फोन नाय. काय इचारायचं ते हितंच इचारा."

"लंकाबाई, कालचं..."

"वाचलं सृष्टीनं," त्या म्हणाल्या. बास. पिशवी कोपऱ्यात ठेवली, गाठ मारलेलीच. आभाला खांद्यावर घेतलं आणि तिनं मानेच्या त्या खळग्यात तोंड खुपसलं. मी बघत उभी राहिले. लंकाबाईंनी एका हातानं मला खोलीत जायची खूण केली आणि माझं दार बाहेरून स्वतः ओढून घेतलं. "लावून घ्या, ताई. बघत बसलात तर तुमचं बी काम व्हायचं नाय आन् हिची बी झोप."

मी दाराच्या अलीकडे. पलीकडे पावलं, पुटपुटणं, मग तेही थांबलं. माझ्या उजव्या हाताला जायफळाचा वास येत होता. आभाला देताना त्यांच्या कपाळाला लागला असेल. असेलच. मी तो हुंगला, आणि पुन्हा हुंगला. निळ्याची ट्रायल संध्याकाळपर्यंत चालू होती. पलंगावर पडदा उजेडात होता, आणि माझ्या डाव्या हाताची मूठ दाराच्या कडीवर होती. बाहेर, तीन तास झोपणाऱ्या बाळाची शांतता आज वेळेआधीच सुरू होत होती. कडी थंड होती, मग माझ्या हातानं गरम झाली. ठिपका पिवळा झाला. मी कडी ओढली नाही. सोडलीही नाही.